वाफेतला थेंब

धानाच्या या मुलखात चुलीवर रटरटणाऱ्या भाताच्या गंजावरचे झाकण उचलले, की त्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब ओथंबलेले दिसतात. क्षणापूर्वी जी वाफ होती तीच थंड धातूला टेकताच पाणी होऊन बसलेली असते. आगगाडीच्या इंजिनात शेकडो मण कोळसा वर्षानुवर्षे व्यर्थ गेला तो याच थेंबापायी, आणि हा थेंब ज्या युक्तीने हद्दपार झाला तिची हकीकत तिरोड्यात सांगावी यास सबळ कारण आहे.

दुष्काळी काम म्हणून सरकारने हाती घेतलेली नागपूर–छत्तीसगड रेल्वे प्रथम मीटरगेज होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली, आणि तिरोडा स्थानक याच मार्गावर आहे. त्या काळातील इंजिने संपृक्त वाफेवर चालत. बॉयलरमध्ये वाफ जोवर पाण्याच्या सान्निध्यात आहे तोवर, दाब कायम असता, भट्टीत कितीही कोळसा लोटला तरी तिचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर चढत नाही. वाफ तेवढी अधिक निर्माण होते. अशी काठावरची वाफ सिलिंडरमध्ये शिरे तेव्हा नुकत्याच बाहेर पडलेल्या वाफेने निवालेल्या भिंती तिची उष्णता शोषून घेत, आणि दट्ट्याला रेटण्यापूर्वीच तिचा काही अंश पाणी होऊन जाई.

यावर विल्हेल्म श्मिट या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेला आणि पुढे जगभर मान्य झालेला उपाय असा, की वाफेला पाण्यापासून विभक्त करून मग पुन्हा तापवावे. भट्टीतले जळते वायू बॉयलरच्या पाण्यातून गेलेल्या नळ्यांवाटे पुढच्या धूरपेटीकडे ओढले जातात. त्यांपैकी वरच्या ओळींतील नळ्या मुद्दाम रुंद ठेवून प्रत्येकीत केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली बारीक पोलादी नळी बसवली जाते. रेग्युलेटर उघडताच वाफ प्रथम धूरपेटीतील दुहेरी कप्प्याच्या पेटीत येते, तेथून या बारीक नळ्यांत शिरून भट्टीच्या दिशेने दोनदा जाते व दोनदा परतते, आणि दुसऱ्या कप्प्यातून सिलिंडरकडे रवाना होते. हाच सुपरहीटर, म्हणजे अतितापक. नळीचे वळण भट्टीच्या तोंडापासून थोडे अलीकडेच थांबवतात, नाहीतर ते जळून जाईल.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे: अतितापकाने वाफेचा दाब वाढत नाही. १९४७ साली अमेरिकेहून आलेल्या, बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या नाकाच्या डब्ल्यूपी इंजिनाचा दाब दर चौरस इंचास २१० पौंड होता. त्या दाबाची संपृक्त वाफ सुमारे २०० अंश सेल्सिअस असते, ती अतितापकातून ३५० अंशांच्या आसपास पोहोचली म्हणजे तिचे आकारमान सुमारे दोन पंचमांशाने वाढते, आणि भिंतींना उष्णता देऊनही ती वाफच राहते. कोळशाची बचत यातून पाचवा ते चौथा हिस्सा होई. मात्र इतक्या उष्ण वाफेपुढे साधे वंगण जळून जाई व सपाट सरकझडपा घासून अडकत. म्हणून दट्ट्याच्या आकाराच्या झडपा आणि निराळे सिलिंडर तेल यांची तजवीज करावी लागली.

आज तिरोड्यात अदानी समूहाच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॉटचे ५ संच, म्हणजे एकूण ३३०० मेगावॉट, उभे आहेत. ते अतिक्रांतिक पद्धतीचे असल्याने तेथे पाण्यावरचा दाब सुमारे २२१ बारच्याही वर नेतात. या दाबाला उकळी म्हणून फुटतच नाही, आणि तापमान ३७४ अंश ओलांडू लागले की पाणी व वाफ हा भेदच मावळतो. पुढे अतितापकाच्या नळ्या त्या बाष्पाला ५०० अंशांच्या वर घेऊन जातात. तरीही थेंबाचे भय संपलेले नाही: टर्बाइनमधून निवत निवत गेलेल्या वाफेत अखेरच्या पात्यांपाशी जलकण धरू लागतात, आणि प्रचंड वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या कडा त्यांच्या माऱ्याने झिजतात. तेथून पुढे मात्र त्या थेंबाचे स्वागतच होते. इंजिन आपली वाफ प्रत्येक फुसकाऱ्यासरशी आकाशात सोडून देई व वाटेतल्या स्थानकांवर पुन्हा पाणी मागे, येथे ती संघनकात गोळा होऊन बॉयलरकडे माघारी जाते.