व्यायामाचा कंटाळा? आधी धाप कमी करा!

“डॉक्टर, हवी तर एक गोळी वाढवून द्या, पण व्यायाम तेवढा सांगू नका!” मधुमेहाचे, रक्तदाबाचे पेशंट हे थट्टेने म्हणतात, पण त्या थट्टेमागे खरा वैताग असतो.

वाचकहो, या कंटाळ्याचे मूळ बरेचदा शाळेत सापडते. गृहपाठ केला नाही की उठाबशा, दंगा केला की मैदानाला फेऱ्या! व्यायाम म्हणजे शिक्षा हे समीकरण तेव्हापासून मनात पक्के बसते. पुढे चाळिशीत साखर वाढते आणि आपण घाबरून नवे बूट आणतो. पहिल्याच दिवशी धापा टाकत मैदानाला पाच फेऱ्या मारतो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात. नव्याचे नऊ दिवस सरले की बूट माळ्यावर! मग आपणच आपल्यावर आळशीपणाचा शिक्का मारून मोकळे होतो.

खरे तर चूक सुरुवातीच्या वेगाची असते. फार धाप लागली की बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटतो आणि तो त्रास मन विसरत नाही. म्हणून वेग ठरवण्याची सोपी खूण लक्षात ठेवा. चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. अगदी नवखे असाल तर याहूनही सावकाश चाला. शेवटची पाच मिनिटे रमतगमत घाला, म्हणजे घरी येताना मन प्रसन्न राहील.

व्यायाम म्हणजे घाम गाळणेच, असेही नाही. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि तो 1953 साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात दिसले. कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते. तिकिटे फाडता फाडता शरीराला चलनवलन मिळत होते.

मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. हा वेळ सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांत तरी व्हावा, ही पूर्वीची अट संघटनेने 2020 साली काढून टाकली. थोडी हालचालही आता हिशेबात धरली जाते. सकाळी दूध आणायला पायी, दुपारी कचेरीचा जिना, रात्री जेवणानंतर शतपावली! जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्या आजी-आजोबांची ही सवय शास्त्रालाही मान्य आहे.

चालणे आवडत नसेल तर सायकल काढा, बॅडमिंटन खेळा, लेझीम हाती घ्या. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळताना कोणी घड्याळ पाहते का? सोबत असली की वेळ कळत नाही आणि दांडी मारायची लाजही वाटते. म्हणून एक सोबती आणि एक वेळ ठरवून टाका.

आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे 42 टक्के पुरुषांची हालचाल अपुरी होती, तर स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे 57 टक्के होते. घरातल्या बाईला रोज अर्धा तास मोकळा मिळत नसेल तर तिला कंटाळखोर म्हणू नका. संध्याकाळचा कुकर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लावावा!

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा गुडघेदुखी असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. चालताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा भलतीच धाप लागली तर लगेच थांबा. छातीतले दुखणे राहिले नाही तर वेळ न दवडता दवाखाना गाठा.

पहिला पंधरवडा रोज फक्त दहा मिनिटे चाला. आणखी चालावेसे वाटले तरी आवरते घ्या. थोडी हौस शिल्लक ठेवून घरी परतलात, तर दुसऱ्या दिवशी पायात चपला सरकवताना स्वतःची समजूत काढावी लागणार नाही.