घरच्या संगणकाला स्पीकर घेताना

चुडावा, पूर्णा या भागातल्या आपल्या काही घरांत आता टेबलावरचा संगणक आला आहे. बहुधा जुनाच, कुठल्या तरी कचेरीतून निघालेला आणि दुरुस्त करून विकलेला. कोणाची मुलगी त्यावर मराठी टायपिंगचा सराव करते, कोणाचा मुलगा पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची व्याख्याने ऐकतो. यंत्र घरी आले की आठवडाभरात प्रश्न निघतो, आवाजाचे काय? मग मंडळी गाडीत बसून नांदेड गाठतात आणि दुकानदार दाखवील तो भला मोठा डबा उचलून आणतात. पैसा जातो तो शेतमजुरीच्या रोजाचा, म्हणून या साध्या वस्तूवर आम्ही चार ओळी लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, आपल्याला ऐकायचे काय आहे? मुलांच्या अभ्यासासाठी संगणक घेतला असेल, तर ऐकायचे आहे माणसाचे बोलणे. बोलण्यातले शब्द कळायला लागणारा बराचसा ध्वनी ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यात येतो. टेलिफोन वर्षानुवर्षे एवढ्याच पट्ट्यावर चालला आणि त्यावर आपण लग्ने ठरवली, निरोप दिले. छातीत धडधडणारा ढोलाचा आवाज याच्या खालचा. त्याच्यासाठीच तो जमिनीवर ठेवायचा वूफर लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत वूफर लावला तर गणिताचे सर बोलतात की रांजणातून कोणी हाक मारतो, तेच कळत नाही. पत्र्याची खोली असली तर विचारूच नका. म्हणून दोन लहान डब्यांची जोडी घ्यावी. बाजारात तिला २.० म्हणतात. वूफरसह असते ती २.१.

कोणी म्हणेल, हेडफोन स्वस्त, तोच लावू द्या पोराला. हेडफोन वाईट नाही, पण तासन् तास कानाला लावून ठेवण्याची ती वस्तू नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ऐकण्याच्या साधनांसाठी जे मानक काढले, त्यात मुलांसाठी ७५ डेसिबलने आठवड्याला ४० तास एवढी मर्यादा धरली आहे. आमच्या मनात आणखी एक कारण आहे. हेडफोन लावलेला मुलगा काय शिकतो ते घरात कोणालाच कळत नाही. स्पीकर असला तर भाकरी थापणारी आई ऐकते, आजी ऐकते, धाकटी बहीण ऐकता ऐकता पुढच्या वर्षाचे शिकून जाते. ज्या घरातली पहिलीच पिढी कॉलेजात जाते आहे, त्या घराला याची किंमत कळेल.

आता वॅटचा हिशेब. आम्ही वाणिज्य शाखेचे, विजेचे तज्ज्ञ नव्हे, पण जमा-खर्च आम्हाला कळतो. लहान स्पीकर बहुधा संगणकाच्याच यूएसबी खाचेतून वीज घेतात. जुन्या, २.० पद्धतीच्या खाचेतून नियमाने मिळतात ५ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. नव्या, ३.० पद्धतीच्या खाचेतून ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. जमा एवढी असताना खर्च वीस वॅटचा कसा होईल? तरीही खोक्यावर मोठमोठे आकडे छापतात. १९९० नंतरच्या काळात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' म्हणून शेकड्यांनी वॅट लिहिलेले असायचे, ते वाचकांना आठवत असेल. तो क्षणभराच्या उसळीचा फुगवलेला आकडा. पाहायचा तो आकडा 'आरएमएस'चा, म्हणजे सतत मिळणाऱ्या आवाजाचा. लॉजिटेकच्या झेड १२० या लहान जोडीवर कंपनीने आरएमएस फक्त १.२ वॅट सांगितले आहे. टेबलाशी बसणाऱ्याला आणि खोलीतल्या दोघा-चौघांना ते पुरते. याच कंपनीची जोडी घ्या असे आमचे म्हणणे नाही. आकडा लहान पण खरा असू शकतो, एवढेच दाखवायचे आहे.

यूएसबीवरच्या जोडीचा खेड्यात आणखी एक फायदा. संगणकाला यूपीएस असेल तर वीज गेल्यावरही संगणकाबरोबर स्पीकर चालू राहतो. भिंतीतून वीज घेणारा तेवढ्यात बंद पडतो. ब्लूटूथचा स्पीकर मोबाइलला ठीक. जुन्या टेबल संगणकात ब्लूटूथ बहुधा नसते, वेगळी चकती लावावी लागते, बॅटरीही कालांतराने थकते.

घेताना वायरी नीट पाहाव्यात. काही जोड्यांत यूएसबीतून फक्त वीज येते आणि आवाजासाठी दुसरी गोल पिन संगणकाच्या हिरव्या खाचेत घालावी लागते. काहींत आवाजही यूएसबीतूनच येतो. जुन्या यंत्राची हिरवी खाच खराब झालेली असेल तर दुसरा प्रकारच घ्यावा. आणि नांदेडला जाण्याआधी घरचे यंत्र तपासा. कचेरीतल्या पुष्कळ संगणकांच्या पेटीत एक बारका स्पीकर आधीच असतो, काही पडद्यांतही असतो. सेटिंगमध्ये तो निवडला की आवाज येतो. तेवढ्यावर भागले तर खर्चच नको.

दुकानात पारख कशी करावी? दुकानदार धडाक्याचे गाणे लावतो, त्यात कोणताही डबा चांगलाच वाटतो. आपण बोलणे लावायला सांगावे. १९५५ साली बीबीसी रेडिओने घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत मोबाइलवर सहज सापडते. ध्वनिमुद्रण जुने आहे, भाषा इंग्रजी आहे. आवाज बारीक ठेवून ऐका. शब्द सुटे सुटे ऐकू आले तर जोडी घ्यायला हरकत नाही. त्यानंतर आवाज पूर्ण वाढवा, डबा थरथरला किंवा आवाज फाटला तर खाली ठेवा. आवाजाची कळ पुढच्या बाजूला हवी, आणि दोन डब्यांमधली वायर पडद्याच्या दोन्ही अंगांना पोचेल एवढी हवी.

घरी आणल्यावर डबे पडद्याच्या दोन बाजूंना, तोंड ऐकणाऱ्याकडे करून ठेवा, भिंतीला चिकटवू नका. खोली घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर जाड चादर टांगा, फरक लगेच कळतो. स्पीकरमधून सारखी घूं ऐकू येत असेल तर दोष नेहमी स्पीकरचा नसतो. आपल्याकडे तीन पिनांचे बोर्ड बसवतात, पण अर्थिंगची तार पुष्कळदा जोडलेलीच नसते. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. तिथे मुले बसतात.

आणि पक्के बिल मागा. खोक्यावर कमाल किंमत आणि बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता असला पाहिजे. वेगळा अॅडॉप्टर मिळत असेल तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. हमीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच उभे राहून घालून घ्या. परत आल्यावर कोणी देत नाही.