बंदी कडक हवी, न्यायाधीश तटस्थ हवा

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड या मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांचा मान राखायलाच हवा; पण पंच नेमणाऱ्या संघटनेनेच शिक्षाही ठरवली, तर निकालावर संशयाची सावली पडते. तटस्थ चौकशीत वेळ गेला की जरब ओसरते, असा आक्षेप असतो. फुटबॉलने त्यावर तोड काढली आहे: लाल कार्ड मिळाले की पुढचा सामना आपोआप हुकतो, वाढीव बंदी शिस्तपालन समिती ठरवते. अपिलामुळे खेळाडूच सुटतात, हेही खरे नाही. २०१६ मध्ये ‘नाडा’ या उत्तेजकविरोधी संस्थेने निर्दोष ठरवलेल्या मल्ल नरसिंग यादवला अपिलानंतर क्रीडा लवादानेच चार वर्षे बाहेर बसवले. तटस्थ न्याय दोन्ही बाजूंना कापतो, म्हणूनच तो पटतो.