आत किती, बाहेर किती

शेजारच्या काकूंना बघायला जिल्ह्याच्या गावच्या सरकारी रुग्णालयात, महिला वॉर्डात गेले होते. भेटीची वेळ संपता संपता एक सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी आली. तिथल्या आजींच्या स्टुलावरचा पेला तिनं उचलला, तळाशी उरलेलं उष्टं पाणी मापाच्या भांड्यात ओतलं, भांडं डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि खाटेला अडकवलेल्या कागदावर आकडा लिहिला. आजी किती पाणी प्यायल्या ते कळायला उरलं किती ते मोजायचं. औषधांची नोंद ठेवतात हे माहीत होतं. पेल्याच्या तळचं पाणीही कुणी मोजतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

ते काम नीट बघावं असं वाटलं, म्हणून परवानगी काढून त्याच आठवड्यात रात्रपाळीला वॉर्डात येऊन बसले.

नवाच्या सुमाराला स्ट्रेचरवरून एका मुलीला आणलं. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, वजन बेचाळीस किलो. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे पडून चिरलेले, आणि श्वास असा की धावून आल्यासारखी छाती वरखाली होत होती, तीही पडल्या जागी. सिस्टर तिच्या तोंडाशी वाकली. "कीटोन आहेत," तिनं निवासी डॉक्टरला सांगितलं. बोटाला सुई टोचून साखर बघायची होती, त्याच्या आधी. मीही जवळ गेले. फळांच्या गाड्यावर तळाशी दबून राहिलेल्या पेरूंना येतो तसा गोड, किंचित कुजका वास होता. नेलपॉलिश पुसायच्या द्रवात असतं तेच अ‍ॅसिटोन श्वासातून बाहेर पडत होतं. शिकाऊ सिस्टर दोनदा वाकली, तिला काही कळलं नाही. हा वास सगळ्यांना येत नाही म्हणे. मला मात्र तो पुढे कितीतरी दिवस मध्येच आठवायचा, बाजारात, बसमध्ये.

बोटाच्या कडेला सुई टोचली, पहिला थेंब पुसला, दुसरा पट्टीला लावला. ४८६.

मुलीला टाइप वन मधुमेह. शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, रोज बाहेरून घ्यावं लागतं. दोन दिवस उलट्या होत होत्या. आई कळवळून सांगत होती, "पोटात अन्नाचा कण नाही हो, मग साखर आणखी उतरंल म्हणून मी सुई दिली नाही." कुठलीही शहाणी बाई असाच विचार करेल. पण घडतं उलटं. इन्सुलिन नसलं की रक्तातली साखर पेशींत शिरत नाही, शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्ल होत जातं. साचलेली साखर लघवीवाटे जाताना पाणी आणि क्षार ओढून नेते. अशा अवस्थेत मोठ्या माणसाच्या अंगातून पाच-सहा लिटर पाणी गेलेलं असू शकतं. सिस्टर आईला एका शब्दानंही बोलली नाही. "मावशी, तुम्ही आणलंत ना वेळेवर," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या हातात इंट्राकॅथ लावायला शीर शोधू लागली.

आयसीयूत जागा नव्हती. सिस्टरांच्या टेबलाजवळची खाट रिकामी करून तिथंच मॉनिटर लावला, सलाइन वेगानं सुरू केलं. रक्ताचा पहिला रिपोर्ट आला : पोटॅशियम ३.२. डॉक्टरनं सांगितलं, इन्सुलिन आत्ता नको.

आईला हे पटेना. साखर पाचशेला टेकलेली, सुई चुकली म्हणून तर ही वेळ आली, आणि आता दवाखान्यातही सुई देत नाहीत? सिस्टरनं तिला खुर्चीवर बसवून समजावलं. इन्सुलिन साखरेला पेशींत ढकलतं, तसं पोटॅशियमलाही ढकलतं. रक्तात ते आधीच कमी असेल तर आणखी खाली जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून आधी पोटॅशियम भरायचं, साडेतीनच्या वर गेलं की मगच इन्सुलिन. मग शिकाऊ मुलीकडे वळून म्हणाली, "मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, आपलं पोटॅशियम साडेतीन. आयुष्यभर विसरायचं नाही."

पण पोटॅशियम भरायचं तर आधी लघवी होतेय ना ते बघायचं, कारण मूत्रपिंड थांबलेलं असेल तर तेच पोटॅशियम साचून जीव घेतं. सिस्टरनं युरोबॅग हातात घेऊन पातळी पाहिली, तासाभराचं माप लिहिलं. त्यानंतर तिनं जे केलं ते मला फार जवळून बघायला मिळालं. केसीएलच्या, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या, कुप्या इतर औषधांत ठेवलेल्या नव्हत्या. कपाटात वेगळ्या डब्यात होत्या, डब्यावर लाल पट्टी. तिनं एक कुपी काढली, नाव मोठ्यानं वाचलं. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्या सिस्टरला बोलावून तिच्याकडूनही वाचून घेतलं. सलाइनच्या बाटलीत मिसळल्यावर बाटली उलटीसुलटी करून हलवली, चिकटपट्टीवर औषध, मात्रा, वेळ लिहून दोघींनी सह्या केल्या. हे औषध न मिसळता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. इतकी वर्षं नोकरी झालेली बाई ते नाव विद्यार्थिनीसारखं मोठ्यानं वाचते, आणि रोज वाचते. नर्सिंगकडे प्रेमळ हात आणि गोड बोलणं एवढ्याच मापानं बघायची आपली सवय मला त्या रात्री फार अपुरी वाटली.

दोन तास सलाइन, पोटॅशियम आणि वाट बघणं. त्या वेळात मला टोरोंटोचा लेनर्ड थॉम्पसन आठवला. १९२२च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या त्या मुलाला मधुमेहावरचं पहिलं इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं हटकून जायची. औषध सापडून शंभर वर्षं होऊन गेली, तरी या खाटेवर ते कुठल्या मिनिटाला सुरू करायचं हे एका कागदावरच्या आकड्यावर ठरत होतं, आणि तो कागद भरणारी बाई मध्येच उठून बारा नंबरच्या बाईला भांडं द्यायला जात होती.

साडेअकराच्या पुढे रिपोर्ट आला : ३.७. "झाले साडेतीन," ती म्हणाली आणि पंपाला सिरिंज लावली. पन्नास मिलिलिटरमध्ये पन्नास युनिट, म्हणजे एका मिलिलिटरला एक युनिट. बेचाळीस किलोला तासाला चारच्या आसपास. नळीतून थोडं द्रावण आधी वाहू दिलं, कारण इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं आणि सुरुवातीचा डोस नळीतच राहून जातो.

पुढे दर तासाला बोटाला सुई, साखर, नाडी, रक्तदाब, युरोबॅग. साखर तासाला पन्नास ते पंचाहत्तरनं उतरावी. भराभर उतरली तर मेंदूला सूज येण्याचा धोका. पहाटे २४४ झाली तेव्हा सिस्टरनं डॉक्टरला उठवलं आणि सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज सुरू झालं. आईनं पुन्हा विचारलं, साखर अजून जास्तच आहे की, मग साखर का देता? कारण कीटोन अजून गेलेले नव्हते. ते जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवायचं, आणि ते चालू ठेवता यावं म्हणून साखर द्यायची.

याच वेळात मधल्या रांगेतल्या आजी पाणी मागत होत्या. त्याच, पेल्यावाल्या. न्यूमोनियामुळे त्यांच्या अंगात पाणी धरून ठेवणारा हार्मोन कारण नसताना पाझरत होता, रक्त पातळ होऊन सोडियम ११८वर आलं होतं, दाखल झाल्या तेव्हा मुलालाही ओळखत नव्हत्या. त्यांना दिवसाला पाणी आठशे मिलिलिटर. चहा त्यातच, वरणाचं पाणी त्यातच, गोळीबरोबरचा घोटही त्यातच. सिस्टरनं बाटलीवर चिकटपट्टीच्या खुणा करून दिल्या होत्या : सकाळ, दुपार, रात्र. रात्रीची खूण संपलेली होती. एका खाटेवर लिटरांनी पाणी चढतंय आणि चार खाटा सोडून म्हातारी घोटभर मागतेय. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तहानलेल्याला नाही म्हणू नये हे आपल्या अंगात भिनलेलं. सिस्टरनं कापूस ओला करून आजींचे ओठ पुसले, तोंड धुवून चूळ भरायला लावली, आणि टाकलेली चूळ मोजली. सोडियम चढायलाही घाई नको. चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढलं तर मेंदूच्या नसांना कायमची इजा होऊ शकते.

तोच हार्मोन अजिबात नसलेले रुग्णही सिस्टरनं पाहिलेत. पूर्वी मोठ्या शहरात न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात असताना, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एकेकाला दिवसाला दहा-दहा लिटर लघवी व्हायची, पाण्यासारखी नितळ. आजार उलटे, आत किती-बाहेर कितीचा चार्ट तोच.

मला या रात्रीतलं जे खटकलं तेही लिहायलाच हवं. वॉर्डात खाटा चाळीस, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या, आणि रात्रीला सिस्टर दोन. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. त्या रात्री मुलीचं तासातासाचं काम चुकलं नाही, पण त्यासाठी सिस्टरनं डबा उघडला नाही, आणि लांबच्या खाटांवरचे रक्तदाब पहाटे एकदमच घेतले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानं देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्या आकड्यावर औषधांच्या, यंत्रांच्या, खास केंद्रांच्या घोषणा होतात. बोटाच्या कडेला सुई टोचून थांबणारी, पुढच्या तासाला पुन्हा येणारी माणसं वाढवायची गोष्ट कुणी काढत नाही. चाळीस खाटांना दोन जणी, ही व्यवस्था त्यांच्या कष्टांवर उभी आहे आणि ती चूक आहे.

मुलगी तिसऱ्या दिवशी उठून बसली, भात खाल्ला. घरी सोडायच्या आधी सिस्टरनं आईला टेबलाशी बोलावलं. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनमध्ये १००. चाळीसची सिरिंज लाल टोपणाची, शंभरची नारिंगी. शंभरचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं भरलं तर डोस अडीचपट जातो. आईनं तीन वेळा भरून दाखवलं, तिसऱ्यांदा हवेचा बुडबुडा राहिला म्हणून चौथ्यांदा. पोटावर रोज जागा बदलायची, नाहीतर गाठी होतात आणि औषध नीट भिनत नाही. घरी फ्रीज नाही. मग बाटली डबीत, डबी छोट्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूत, घरातल्या गार कोपऱ्यात.

"आन् परत उलट्या लागल्या तर?" आईनं विचारलं.

"दिवसभर चालणाऱ्या इन्सुलिनची मोठी सुई चुकवायची नाही, जेवली नाही तरी. साखर दर तीन-चार तासांनी बघायची, घोटघोट पाणी द्यायचं, आम्हाला फोन करायचा. आणि पाणीही पोटात ठरत नसेल, किंवा परवासारखा श्वास लागला, तर लगेच गाडी करून इकडे यायचं. सकाळ होऊ द्यायची नाही."

आईनं मुलीला ते वहीत लिहून घ्यायला लावलं.