पोट भरलंय, पण हाडांचं काय?

हे रील तुम्हीही पाहिलं असेल. बोटावर बसलेलं पोपटी रंगाचं पिल्लू, दोन डोळे दोन दिशांना फिरतायत आणि समोरच्या रातकिड्यावर सट्‌कन सुटलेली जीभ. पंधरा सेकंदांचा मामला. खाली हार्ट्‌सचा पाऊस आणि कमेंट्‌समध्ये ठरलेला प्रश्न, 'हा कुठे मिळतो?' त्याहून कामाचा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही : तो रातकिडा काय खाऊन आला होता?

प्रश्न विनोदी वाटेल, पण या पिल्लाचं अख्खं बालपण त्या एका उत्तरावर उभं असतं.

रीलमधला हा हीरो म्हणजे बहुतेक वेळा व्हेल्ड कॅमेलिऑन. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असलेला सरडा. मूळचा येमेनचा डोंगराळ भाग आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा इथला. अरबस्तान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येतं, पण येमेनच्या डोंगरांवर उन्हाळ्यात मोसमी पाऊस पडतो, उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे, दिवसा कडक ऊन आणि रात्री चांगलाच गारवा असतो. चढउतार सोसायची सवय असल्यामुळेच हा प्राणी पिंजऱ्यातही बऱ्यापैकी रुळला. आज अमेरिका-युरोपात विकली जाणारी पिल्लं बहुतांश पिंजऱ्यात जन्मलेलीच असतात. इतका रुळला, की सुटलेल्या आणि सोडून दिलेल्या कॅमेलिऑनांनी फ्लोरिडात जंगली वस्ती केली. हवाईत तर तो बाळगणंच गुन्हा आहे.

आणि आपल्याकडे? 'साइट्‌स' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात याचं नाव आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीने अशा प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि 28 फेब्रुवारी 2024च्या नियमांनुसार असा प्राणी ज्याच्याकडे असेल त्याला 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं. म्हणजे 'भाई, कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलात तर पहिल्या दिवसापासून अडचण. आणि आपला देशी घोयरा, म्हणजेच सरडगुहिरा, पकडून घरी आणायचा विचार तर मनातही नको. तो वन्यप्राणी आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

म्हणूनच हा लेख लिहिताना मी गाठलं माझ्या मामेबहिणीला. ती फ्लोरिडात मास्टर्स करते आणि तिच्याकडे रीतसर ब्रीडरकडून घेतलेली एक मादी आहे. तीन महिन्यांची असताना आली, आता वर्षाची झाली. ती आल्यापासून ताईने एक वही ठेवली आहे. तारीख, वजन, किती किडे, कोणती पावडर. इंजिनीअरिंगच्या जर्नलपेक्षा नीटनेटकी.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू असतं जेमतेम एक-दोन ग्रॅमचं. शेपटीसकट आपल्या बोटाएवढं. तिथून वर्षभरात ते शंभर ग्रॅमच्या आसपास जातं. नर तर शेपटीसकट दीड-पावणेदोन फुटांपर्यंत वाढतो. एवढा सुसाट वेग म्हणजे भूकही तशीच. पहिल्या तीन महिन्यांत दिवसातून दोनदा खायला द्यायचं, आणि दहा-पंधरा मिनिटांत मावेल तेवढं खाऊ द्यायचं. आधी फळमाश्या, मग टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, मग जरा मोठे. मापाचा नियम सोपा आहे : किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. तीन ते सहा महिन्यांत दिवसाला एकदा, साधारण दहा-बारा किडे. सहा महिन्यांनंतर हात आखडता घ्यायला सुरुवात, आणि वर्षाच्या आत गाडी दिवसाआड तीन-पाच किड्यांवर आणायची.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही दुकानात सांगतात. गडबड पुढे आहे.

रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. वाढत्या पिल्लाला हवं असतं नेमकं उलटं, फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. आहारातून ते मिळालं नाही तर शरीर थांबत नाही. ते स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. रक्त, स्नायू, हृदय चालू ठेवायचं तर त्याला दुसरा इलाजच नसतो. पिल्लू खातंय, वजन वाढतंय, रंग छान आहे, मालक खूश. आणि आत हाडं रबरासारखी होत चालली आहेत. याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात, आणि भरभर वाढणाऱ्या पिल्लाला तो सगळ्यांत लवकर गाठतो, कारण हाडं बांधायचं काम त्याच्याकडेच सगळ्यांत जास्त असतं.

मग करायचं काय? एक म्हणजे किड्यांना जेवू घालायचं. आपल्या पिल्लाला देण्याआधी निदान दिवसभर रातकिड्यांना गाजर, रताळं, लाल भोपळा, गडद हिरवा पाला, संत्र्याची फोड असं खाऊ द्यायचं. पालक टाळलेला बरा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. ताईच्या खोलीत रातकिड्यांचा डबा तिच्या स्वतःच्या टिफिनपेक्षा जास्त रंगीत दिसतो, हे मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय.

दुसरं, पावडर. किडे एका पिशवीत घ्यायचे, चिमूटभर साधं कॅल्शियम टाकायचं, हलवायचं, पीठ लावलेल्या माशासारखे झाले की द्यायचे. रोजच्या खाण्याला हे साधं, डी-3 नसलेलं कॅल्शियम. डी-3 असलेलं महिन्यातून दोनदा, मल्टिव्हिटॅमिन दोनदा. 'रोज दिलं तर आणखी स्ट्राँग होईल' हा जिममधला हिशेब इथे चालत नाही. डी-3 आणि व्हिटॅमिन ए शरीरात साठत जातात, जास्त झाले तर गळ्याखाली सूज येते, अवयव बिघडतात. व्हिटॅमिन ए कमी पडलं तर डोळे चिकटतात, सुजतात. म्हणून वही. कालची पावडर कोणती होती हे लक्षात राहील अशी खात्री परीक्षेच्या आठवड्यात कोणीच देऊ शकत नाही.

खाण्यात बदलही हवा. रातकिडे, डुबिया झुरळं, रेशीमकिड्याच्या अळ्या आणि ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, ज्यांच्यात मुळातच कॅल्शियम चांगलं असतं. मेणकिड्याच्या गुबगुबीत अळ्या मात्र चरबीचे गोळे, कधीतरी वडापाव खावा तशा. बाहेरून पकडलेला काजवा तर चुकूनही नको, काही काजवे सरड्यांना जीवघेणे ठरतात. गंमत म्हणजे व्हेल्ड कॅमेलिऑन पानंही चावतो. म्हणून पिंजऱ्यात जास्वंदीसारखं खरं, औषध न फवारलेलं झाड ठेवतात. आणि रात्री उरलेले रातकिडे बाहेर काढायचे, कारण झोपलेल्या पिल्लाला ते चावतात. शिकार शिकाऱ्याला खाते, असा उलटा कारभार.

आता प्रकाश. यावर माझं मत ठाम आहे : पैसे कमी असतील तर पिंजरा साधा घ्या, पण दिव्यात काटकसर करू नका. कॅल्शियम आतड्यातून शोषायला डी-3 लागतं, आणि ते त्वचेत तयार व्हायला यूव्हीबी किरण लागतात. खिडकीजवळ ठेवलंय, ऊन येतंय, म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. सरड्यांसाठीची लांब टी-5 ट्यूब लागते, पिंजऱ्याच्या जाळीवर, ठरावीक अंतरावर. आणि तिची खोड अशी, की यूव्हीबी संपत आलं तरी डोळ्यांना ती तशीच लख्ख दिसते. म्हणून बहुतेक लोक वर्षाकाठी बदलतात. जमेल तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यातून सकाळचं खरं ऊन, अर्धी सावली ठेवून, हे तर फुकटचं टॉनिक.

उष्णतेची गोष्ट जरा मजेशीर आहे. ताईच्याच राज्यात, युनिव्हर्सिटी ऑफ साऊथ फ्लोरिडातल्या संशोधकांनी 2010 साली याच जातीच्या जिभेवर काम केलं. थंडीत सरड्याचे स्नायू मंदावतात, पण कॅमेलिऑनची जीभ गारठ्यातही जवळपास तितक्याच जोराने सुटते, कारण ती धनुष्यासारखी ताणून सोडलेली असते. परत आत घेताना मात्र ती स्नायूंच्या भरवशावर असते आणि रेंगाळते. पाळणाऱ्यासाठी यात एक इशारा आहे. गार खोलीतही पिल्लू किडा टिपेल, आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. पचवायला मात्र ऊब लागते. पिल्लासाठी ऊब घ्यायची जागा 27 ते 29 अंश, बाकी पिंजरा त्याहून गार, रात्र आणखी गार. सकाळी अंग शेकून झाल्यावरच पहिलं जेवण.

पाणी वाटीत ठेवून उपयोग नाही. साचलेलं पाणी हे पाणी आहे हेच त्याला बहुधा उमगत नाही. पानांवरचे थेंब चाटून तो पितो, म्हणून पहाटे आणि रात्री फवारा, दिवसा थेंबथेंब पडेल अशी सोय. पुरेसं पितोय का हे विष्ठेबरोबरच्या पांढऱ्या भागावरून कळतं. तो पांढराच असेल तर उत्तम, पिवळा-नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. डोळे खोल गेले तर उशीर होतोय.

आणि हाडं कमी पडतायत हे कसं कळतं? पिल्लू फांदी पकडताना चुकतं. पुढचे पाय कोपरात बाहेर वाकतात, पुशअप्स मारत असल्यासारखे. जबडा मऊ पडतो, तोंड नीट मिटत नाही. जीभ अर्धवट सुटते, नेम चुकतो, कारण जीभ ज्या हाडावरून सुटते तेही कमकुवत झालेलं असतं. मग खाणं कमी, मग कॅल्शियम आणखी कमी. यातलं एक जरी दिसलं तरी सरडे तपासणारा पशुवैद्य गाठायचा, त्याच दिवशी. उपचारांनी घसरण थांबते, पण वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. आणि असा डॉक्टर तुमच्या शहरात आहे का, हे प्राणी आणण्याआधी शोधायचं असतं. कुत्र्यामांजरांचा दवाखाना दर कोपऱ्यावर आहे, सरड्याचं तसं नाही.

आता त्या वहीतलं शेवटचं प्रकरण, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. नर की मादी, हे जन्मतःच ओळखता येतं. मागच्या पायाच्या टाचेला छोटीशी गाठ असेल तर नर. विकत घेताना हे नक्की पाहा, कारण मादीचं गणित वेगळं आहे. ती चार-सहा महिन्यांतच वयात येते आणि नर जवळपास नसला तरी अंडी धरते. किती धरणार, हे बऱ्याच अंशी ताटावर ठरतं. भरपूर खाल्लं, भरपूर ऊब मिळाली, तर एका खेपेला साठ-सत्तर अंडी. प्रत्येक अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम तिच्याच हाडांतून. स्वतःची वाढ पुरी व्हायच्या आत हा खर्च, आणि अंडी अडकली तर जीव जातो. पाळलेल्या माद्या नरांपेक्षा कमी जगतात, त्यामागचं हे मोठं कारण.

म्हणून वाढ पुरी होत आली की मादीला आठवड्यातून दोन-तीनदाच, तीन-चार किडे. ऊबेची जागाही 27 अंशांच्या वर नाही. शिवाय पिंजऱ्यात ओलसर वाळूचा फूटभर खोल डबा कायमचा, म्हणजे वेळ आलीच तर तिला खणता येईल. खणत असताना तिच्याकडे कोणी बघायचं नाही, तिला ते चालत नाही आणि ती काम अर्धवट सोडते.

हे सगळं मामीला पटवणं हा एक वेगळा प्रोजेक्ट होता. मागच्या रविवारी ग्रुप कॉल चालू होता, ताईने कॅमेरा पिंजऱ्याकडे वळवला.

"अगं, एवढीशीच कशी गं ती? पोटभर देत नाहीस का तिला?" मामी.

"आई, पोटभरच तर द्यायचं नाहीये."

"मुक्या प्राण्याला उपाशी ठेवतात का कधी!"

ताईने वही कॅमेऱ्यासमोर धरली. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर दर रविवारी घेतलेली वजनं, तीन महिने जवळजवळ सरळ रेषेत. आजवर अंडी एकदाच, सतरा. मामी चष्मा लावून वाचत राहिली. मागे पानाआडून एक डोळा रातकिड्यांच्या डब्यावर आणि दुसरा ताईवर रोखलेला होता. वहीत त्या दिवसापुढे लिहिलं होतं : सुट्टी.