जुनी पेठ, नवा पदपथ : थोडक्यात

नेमका फरक
- पादचारी रस्ता : मोटारींना कायमची किंवा ठरावीक वेळेत बंदी, रुग्णवाहिका व अग्निशमन गाड्यांना मुभा.
- सामायिक रस्ता : वाहने चालतात, पण संथ गतीने, पदपथ व रस्ता बहुधा एकाच पातळीवर.
- जतन : मूळ फरसबंदी, ओटे, दर्शनी भाग व रस्त्याची वळणे राखून केलेली दुरुस्ती. सुशोभीकरणात हे बंधन नसते.

मोजमाप (इंडियन रोड्स काँग्रेस, 2012)
- चालण्याचा मोकळा पट्टा : किमान 1.8 मीटर.
- पदपथाची उंची : कमाल 150 मिलिमीटर.
- पदपथाचे भाग 3 : दुकानांलगतची जागा, चालण्याचा पट्टा, झाडे-दिवे-बाकांचा पट्टा.

ठळक टप्पे
- 1962 : कोपनहेगनच्या स्ट्रॉएट रस्त्यावर प्रायोगिक वाहनबंदी, 1964 मध्ये कायम.
- 1995 : मुंबईत वारसा नियमावली लागू.
- 2016 : पुणे महापालिकेचे पादचारी धोरण.
- 2021 : दिल्लीच्या चांदनी चौकाचे नूतनीकरण पूर्ण. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद, सुमारे 1.3 किलोमीटर. सकाळी 9 ते रात्री 9 मोटारबंदी, सायकलरिक्षांना परवानगी. मूळ बाजारपेठ शाहजहानची मुलगी जहानआरा हिने 1650 च्या सुमारास वसवली.

कामाचा क्रम
- आधी गटारे, जलवाहिन्या व वीजतारा भूमिगत, मग फरसबंदी.
- उताराचे रॅम्प व स्पर्शाने ओळखता येणाऱ्या फरश्या अपंगांसाठी आवश्यक.
- रस्त्याची पातळी वाढल्यास जुन्या वाड्यांचे जोते खाली जाते व पावसाचे पाणी आत शिरते. म्हणून जुना थर खरवडूनच नवा घालतात.

पुण्यात : 11 डिसेंबर 2021 पासून लक्ष्मी रस्त्याच्या काही भागात ‘पादचारी दिन’ सुरू झाला.