ट्रॅक्टर ट्रॅक्टरला काय सांगतो?

अमेरिकेतील आयोवा, इलिनॉय या मक्याच्या पट्ट्यात पेरणीसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात. वसंत ऋतूत जमीन वापशावर आली की मोठे शेतकरी एकाच शेतात दोन-तीन पेरणी यंत्रे उतरवतात. पण पहिल्या यंत्राने नेमके कुठपर्यंत पेरले, हे दुसऱ्या यंत्राच्या चालकाला कसे कळणार? अंदाज चुकला तर काही तास कोरे राहतात, काही ठिकाणी दोनदा बी पडते. फवारणीत हीच चूक झाली तर तणनाशकाची मात्रा दुप्पट होते. त्याची झळ पिकाला बसतेच, शिवाय माती आणि पाण्यात जादा रसायन जाते. यंत्रांनी आपसात बिनतारी माहिती देण्याचे तंत्र याच अडचणीतून पुढे आले.

दोन सेंटिमीटरचा हिशेब

या तंत्राचा पाया उपग्रहांवर आहे. मोबाइलमधल्या साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. मक्याच्या दोन ओळींतले अंतर मात्र तिथे साधारण 76 सेंटिमीटर. म्हणून 'आरटीके' ही पद्धत वापरतात. एका पक्क्या जागी बसवलेल्या यंत्राला स्वतःचे ठिकाण अचूक ठाऊक असते. उपग्रहाच्या संदेशात किती चूक आहे हे ते मोजते आणि दुरुस्ती ट्रॅक्टरला कळवते. मग चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते.

आपण कुठे आहोत हे इतके नेमके कळले, की ट्रॅक्टर झालेल्या कामाचा नकाशा तयार करतो. हा नकाशा शेजारच्या ट्रॅक्टरला मिळाला, की त्याच्या पडद्यावर पेरलेला भाग वेगळ्या रंगात दिसतो. यंत्र त्या भागात शिरताच संबंधित ओळीचे बी पडणे आपोआप थांबते. तास कोणत्या रेषेत धरायचा, हेही एका यंत्राकडून दुसऱ्याला कळते.

उशीर कुठे चालतो, कुठे नाही

नकाशा पोहोचायला काही सेकंद लागले तरी बिघडत नाही. त्यामुळे तो मोबाइल नेटवर्कवरून, कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवता येतो. कापणीच्या वेळी मात्र तसे चालत नाही. कम्बाइन हार्वेस्टरची टाकी भरत आली की न थांबता, चालता चालताच धान्य शेजारून धावणाऱ्या ट्रॉलीत ओतले जाते. जॉन डिअर कंपनीच्या 'मशीन सिंक' प्रणालीत हार्वेस्टरचा चालकच ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा वेग आणि जागा सांभाळतो. इथे क्षणाचा उशीर म्हणजे धान्य जमिनीवर, किंवा थेट टक्कर. म्हणून ही दोन यंत्रे नेटवर्कची वाट न पाहता रेडिओ लहरींनी थेट जोडलेली असतात. कोणत्या हार्वेस्टरची टाकी किती भरली, हेही ट्रॅक्टरवाल्याला दिसते आणि खोळंबा टळतो.

कंपन्यांच्या भिंती

ट्रॅक्टर एका कंपनीचा आणि अवजार दुसऱ्या कंपनीचे असले, तरी तारेने जोडल्यावर दोघांचे जमावे यासाठी 'आयसोबस' (आयएसओ 11783) हे मानक आहे. बिनतारी संवादासाठी तसेच सामाईक मानक असावे म्हणून 2008 मध्ये स्थापन झालेली 'एईएफ' ही उत्पादकांची आंतरराष्ट्रीय संघटना काम करते आहे. ते रुळेपर्यंत, थेट संवाद हवा तर यंत्रे एकाच कंपनीची घ्या, हा दबाव शेतकऱ्यावर राहतो.

दुसरा धोका आकाशातला. 10 आणि 11 मे 2024 रोजी शक्तिशाली सौरवादळ पृथ्वीवर आदळले आणि ऐन पेरणीत अमेरिकेतील अनेक शेतांत आरटीकेचे मार्गदर्शन कोलमडले. कित्येकांना ट्रॅक्टर उभे करावे लागले. अशा वेळी पेरणी रेटली तर नकाशातली ओळ आणि शेतातली ओळ यांचा मेळ बसत नाही. नंतर त्याच नकाशावर विसंबून खत देताना घोळ होतो.

माहिती कोणाची?

कोणत्या तुकड्यात किती उतारा आला, हे बियाणे कंपनी, व्यापारी आणि जमीनमालक या सगळ्यांनाच मोलाचे. शेतात तयार झालेली माहिती शेतकऱ्याच्या मालकीची, हे तत्त्व अमेरिकेतील शेतकरी संघटना आणि कंपन्यांनी 2014 मध्ये मान्य केले. पण ते ऐच्छिक होते. युरोपीय संघाचा डेटा कायदा 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. यंत्र वापरणाऱ्याला त्यातून निघालेली माहिती मिळवण्याचा आणि हवी त्याला देण्याचा हक्क त्याने दिला.

भारतात 2015-16 च्या कृषी गणनेनुसार सरासरी जमीनधारणा 1.08 हेक्टर आहे. एवढ्या तुकड्यात दोन पेरणी यंत्रे एकत्र उतरण्याचा प्रसंग क्वचितच. आपल्याकडे एकच भाड्याचे यंत्र अनेकांच्या शेतांत फिरते. अशा यंत्रावर माहिती नोंदवणारी प्रणाली असेल, तर गावातल्या अनेक शेतांचा उतारा एकाच ठिकाणी जमा होऊ शकतो. म्हणून भाडे ठरवताना एक प्रश्न विचारायला हवा : माझ्या शेताची नोंद कोणाकडे राहणार, आणि तिची प्रत मला मिळणार का?